लेकीचं वजन ७ पर्सेंटाइल आलंय, काळजी करायची का?

शमिका_नाशिक | १८ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लेक साडेसात महिन्यांची आहे. जन्माच्या वेळी २.८ किलो होती, तिसऱ्या महिन्यात ५.१, सहाव्या महिन्यात ६.४. तोपर्यंत डॉक्टर तक्त्यावर ठिपका काढायचे आणि म्हणायचे, "१५ च्या रेषेवर आहे, छान चाललंय." काल दुसऱ्या दवाखान्यात वजन केलं तर ६.५. दीड महिन्यात फक्त १०० ग्रॅम. घरी येऊन ॲपमध्ये आकडा टाकला तर पर्सेंटाइल ७.

मी तो आकडा मोठ्याने वाचला आणि चूक केली. सासूबाई म्हणाल्या, "शंभरात सात? म्हणजे नापास?" त्या काही वाईट मनाने बोलल्या नाहीत, पण मला रात्रभर झोप नाही. शेजारच्यांचा मुलगा हिच्याच वयाचा, ९ किलोचा आहे. जो येतो तो दोघांना शेजारी शेजारी बघतो.

खेळते छान, पालथी पडते, बसवली की थोडा वेळ बसते. अंगावर पिते. सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचं सुरू केलंय. या पर्सेंटाइलचा नेमका अर्थ काय? आणि कितीच्या खाली गेलं की घाबरायचं?

रेवा७ | १९ जानेवारी, सकाळी ७:०५

अजिबात काळजी करू नकोस गं. माझी कायम ५ च्या आसपास होती, आज नववीत आहे आणि कबड्डी खेळते. प्रत्येक मूल वेगळं असतं.

गोदाकाठ | १९ जानेवारी, सकाळी ७:५०

+१. शिवाय मुलगा-मुलगी तुलना तर करूच नकोस, दोघांचे तक्तेच वेगळे असतात.

सुमनआजी | १९ जानेवारी, सकाळी ९:१२

शमिका, बाळ. मी तीन नातवंडं वाढवली आहेत. आमच्या वेळी काटा फक्त सरकारी दवाखान्यात. आम्ही मांडीच्या वळ्या बघायचो, मनगटाला दोरा बांधल्यासारखी घडी आहे का ते बघायचो. बाळसं धरलंय की नाही ते तेल लावताना हाताला कळतं. पण एक सांगते, माझ्या मधल्या नातवाच्या बाबतीत माझा हात चुकला होता. तो दिसायचा गोल, पण दोन महिने त्याचं वजन जागचं हललं नव्हतं. ते काट्यानेच सांगितलं. तेव्हा हातही हवा आणि काटाही हवा.

डॉ_पन्हाळा | १९ जानेवारी, दुपारी २:३०

मी बालरोगतज्ज्ञ आहे, कोल्हापूर भागात काम करतो. बाळ न बघता निदान करणार नाही, पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

हिच्या वयाच्या शंभर निरोगी मुली वजनाप्रमाणे ओळीत उभ्या केल्या, सगळ्यात हलकी पहिली, तर ७ पर्सेंटाइलची मुलगी साधारण सातव्या जागेवर असेल. शंभरच्या शंभर निरोगीच आहेत. कुणीतरी सातवी असणारच, कुणीतरी सत्त्याण्णवावी. सासूबाईंना हे असंच सांगा. मार्क आणि पर्सेंटाइल यांचा काही संबंध नाही. ५० म्हणजे 'योग्य वजन' असाही अर्थ नाही, ती फक्त ओळीतली मधली जागा.

घाबरण्याचा आकडा विचारलात. वयानुसार वजन उणे २ एसडीच्या (एसडी म्हणजे मधल्या जागेपासून किती लांब ते मोजायचं माप) खाली, म्हणजे साधारण २ पर्सेंटाइलच्या खाली गेलं तर त्याला आपण कमी वजन म्हणतो. साडेसात महिन्यांच्या मुलीसाठी ती रेषा ६.१ किलोच्या जवळ येते. तुमची लेक तिच्या वर आहे.

आता दुसरी बाजू. वरच्या प्रतिसादांत 'काळजी करू नकोस' आलंय, तिथे मी थोडा थांबेन. नेहमी ५ वर असलेली मुलगी आणि १५ वरून ७ वर आलेली मुलगी यांत फरक आहे. पहिलीची रेषा तक्त्यातल्या रेषांना धरून चाललीय, दुसरीची खाली वळलीय. या वयात महिन्याला ३०० ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असते. दीड महिन्यात १०० ग्रॅम हे कमी आहे. घाबरू नका, पण 'प्रत्येक मूल वेगळं' म्हणून सोडूनही देऊ नका. दोन वेगवेगळे काटे होते हेही लक्षात घ्या. आधी वजन खरं आहे का ते बघा.

रेवा७ | १९ जानेवारी, दुपारी ३:१०

डॉक्टर, हा फरक मला माहीत नव्हता. माझीची रेषा पहिल्यापासून तिथेच होती हे खरं आहे. शमिका, घाईने लिहिलं मी.

टेम्सकाठची_मावशी | १९ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

इंग्लंडमध्ये बाळाबरोबर लाल पुस्तक मिळतं, त्यात तक्ता असतो. इथले आकडे थोडे निराळे: ०.४, २, ९, २५, ५०, ७५, ९१, ९८, ९९.६ अशा नऊ रेषा. नर्सने मला पहिल्याच भेटीत सांगितलं की एका ठिपक्यावरून काही ठरवायचं नाही, दोन रेषांमधली किती घरं बाळ उतरलं ते बघायचं. इथल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जन्माचं वजन ९ ते ९१ च्या मधे असेल तर दोन घरं खाली आल्यावर तपास करतात. जन्मतःच ९ च्या खाली असेल तर एकच घर पुरेसं. म्हणजे लहानखुऱ्या बाळाकडे लवकर लक्ष देतात. मला हे फार पटलं.

अजून एक. दर आठवड्याला वजन करू नकोस. सहा महिन्यांनंतर इथे निरोगी बाळाला दोन महिन्यांतून एकदाच काट्यावर ठेवतात. रोजच्या शी-शूनेच शंभर-दीडशे ग्रॅम इकडेतिकडे होतात.

कायअसेल | १९ जानेवारी, रात्री ८:२०

माझा मूळ आक्षेप असा की हे तक्ते आपल्यासाठी बनलेलेच नाहीत. गोऱ्या मुलांच्या मापाने आपली मुलं मोजायची आणि मग आईबापांनी झोप उडवून घ्यायची. आपल्याकडची मुलं बारीकच असतात.

डॉ_पन्हाळा | १९ जानेवारी, रात्री ९:५५

हा गैरसमज जुना आहे आणि त्याला कारणही होतं. आधी जे तक्ते वापरात होते ते खरंच परदेशी मुलांचे होते, आणि त्यांत बाटलीच्या दुधावर वाढलेली मुलं बरीच. आत्ता आपण पाच वर्षांपर्यंत वापरतो तो जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ता २००६ चा. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतल्या साडेआठ हजारांच्या आसपास मुलांची मापं घेतली. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. अट अशी की आई धूम्रपान न करणारी, बाळ अंगावर पिणारं, घरात खाण्यापिण्याची ददात नाही. अशा घरांतली मुलं लहानपणी सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात असं दिसलं. म्हणून हा तक्ता 'मुलं कशी वाढतात' यापेक्षा 'मुलं कशी वाढायला हवीत' ते सांगतो.

आणखी एक फायदा. अंगावर पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने झपाट्याने वाढतात, मग वेग थोडा कमी होतो. जुन्या तक्त्यावर ते 'घसरण' म्हणून दिसायचं आणि आईला वरचं दूध सुरू करायला सांगितलं जायचं. किती जणींचं दूध त्यापायी बंद झालं असेल.

कायअसेल | १९ जानेवारी, रात्री १०:३०

दिल्लीचा भाग माहीत नव्हता, धन्यवाद. पण मग पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम? केईएमच्या त्यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. एवढी तफावत असताना तक्ता एकच कसा?

डॉ_पन्हाळा | २० जानेवारी, सकाळी ८:१५

उत्तम मुद्दा. तो अभ्यास १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वजनाच्या पुढची आहे. आपली बाळं लहान होती, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी भरले होते ते स्नायू. बारीक दिसणारं पण चरबी बाळगणारं बाळ. त्याचं कारण आईच्या पोषणात शोधावं लागतं, केवळ वंशात नाही.

यातून मी माझ्यापुरता धडा घेतो तो असा: बाळ लहान जन्मलं म्हणून त्याला ठासून भरवून भराभर वरच्या रेषेवर चढवायचं नाही. त्या चरबीचा हिशेब पुढे मधुमेहात द्यावा लागू शकतो. तक्ता एकच ठेवायचा, पण बाळाची स्वतःची रेषा बघायची आणि लांबीही बघायची. शमिकाताई, तुम्ही लेकीची लांबी कुठेच लिहिली नाहीत.

अंगणवाडी_मोखाडा | २० जानेवारी, दुपारी १:४०

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे, एकोणीस वर्षं झाली. आमच्याकडे पर्सेंटाइल कुणी म्हणत नाही. तक्त्यावरचा पट्टा हिरवा की पिवळा ते बघतो. उणे दोनच्या खाली गेलं की पिवळा. आता सगळं सरकारच्या पोषण ट्रॅकर ॲपवर भरतो, पण मी वहीतसुद्धा रेघ काढते, कारण रेघ आईला दाखवता येते. "बघ, मागच्या महिन्यात इथं होती, आता इथं." अक्षर न येणाऱ्या बाईलाही रेघ कळते.

वजनाबद्दल सांगते. लटकता काटा असेल तर आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. बाळ उघडं हवं. काटा डोळ्याच्या समोर हवा, खालून बघितलं की आकडा चुकतो. बाळ रडून हातपाय झाडतं तेव्हा काटा नाचतो, थांबायचं. दोनदा करायचं. लांबी एकटीने कधीच मोजू नये. एकीने डोकं पाटीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हळू सरळ करून तळवे टेकवायचे. एकटीने मोजलं की बाळ दोन सेंटिमीटर लहान होतं, आणि कागदावर ठेंगणं ठरतं.

आम्ही दंडघेरही घेतो. सहा महिन्यांपुढच्या बाळाचा दंड ११.५ सेंटिमीटरच्या खाली आला तर ते सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित, त्याला लगेच पुढे पाठवायचं. ताई, तुमची लेक त्यातली वाटत नाही. पण एक विचारते. वरचं म्हणजे काय देता? आणि ते चमच्यातून ओघळतं की चमच्याला धरून राहतं?

मिठू_आणि_मी | २० जानेवारी, दुपारी ४:००

मोखाड्याच्या ताई, तुमचा प्रतिसाद मी उतरवून घेतला.

माझा मुलगा दुसऱ्या टोकाचा. ९७ पर्सेंटाइल. लोक गाल ओढतात, "कुठल्या चक्कीचं पीठ खातो" विचारतात. गावच्या सुदृढ बालक स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं, सगळ्यात जड म्हणून. त्याची लांबीही ९७ वर होती, त्यामुळे डॉक्टर निश्चिंत होते. पण दुसरा नंबर आलेल्या बाळाची आई सारखी मला म्हणत होती, "फक्त चारशे ग्रॅमने हुकलं." त्या बाळाला ती आधीचे दोन आठवडे झोपेत बाटली देत होती. मला ते ऐकून गलबलून आलं. या स्पर्धांमध्ये वजनाऐवजी लसीकरण पूर्ण आहे का, वयाप्रमाणे सगळं करतंय का, ते बघायला हवं.

गोदाकाठ | २० जानेवारी, दुपारी ४:२०

बऱ्याच ठिकाणी आता तसं बघतात. आमच्या वॉर्डात वजन आणि उंची दोन्ही घेतात आणि लसीचं कार्ड मागतात.

वऱ्हाडी_बाबा | २० जानेवारी, रात्री ९:३०

थोडं अवांतर, पण कुणाला तरी उपयोगी पडेल. आमची मुलगी ३२ आठवड्यांची असताना नागपुरात झाली, १.६ किलो. सहाव्या महिन्यात मी उत्साहाने ॲपमध्ये वजन भरलं तर आकडा शून्याच्या जवळ. बायको रडायला लागली. डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की आठ आठवडे वजा करा, तिला चार महिन्यांची धरा. मग ती व्यवस्थित रेषांच्या आत आली. दोन वर्षांपर्यंत असं सुधारित वय धरायचं.

सुरुवातीच्या महिन्यांत त्यांनी इंटरग्रोथ-२१ चा, वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा तक्ता वापरला. त्या अभ्यासात जगातल्या आठ ठिकाणांमध्ये आपलं नागपूरही होतं हे कळल्यावर मला का कोण जाणे फार आधार वाटला. बापांनाही हे सगळं समजून घ्यायचं असतं. दवाखान्यात सगळे आईलाच सांगतात.

सायलीची_आई | २० जानेवारी, रात्री ११:१५

मी लिहावं की नको असा विचार करत होते. शमिकाला घाबरवायचं नाही.

सायली पाच महिन्यांची असताना सहा आठवड्यांत ५० वरून २५ च्याही खाली आली. ताप नाही, खोकला नाही. थोडी किरकिर करायची, दूध मध्येच सोडायची. घरचे म्हणाले दात येतायत. बाहेरचे म्हणाले दृष्ट लागली. आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथेही पहिल्यांदा "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून परत पाठवलं. मला चैन पडेना. दुसरीकडे नेलं, त्यांनी लघवी तपासली. जंतुसंसर्ग निघाला, बराच आधीपासूनचा. औषधं झाली, सोनोग्राफी झाली, आणि तीन महिन्यांत तिची रेषा परत वर आली. आज ती चार वर्षांची आहे.

त्या रेषेने मला आजार सांगितला, दुसरं काहीच सांगत नव्हतं. म्हणून 'आकडे बघू नका' असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही.

सुमनआजी | २१ जानेवारी, सकाळी ६:५०

सायलीच्या आई, लिहिलंत ते बरं केलंत. दृष्ट काढायला माझी ना नाही, मीठमोहऱ्या मीही ओवाळते. पण ओवाळून झालं की डॉक्टरकडे जायचं.

शमिका_नाशिक | २१ जानेवारी, दुपारी १२:१०

सगळ्यांचे किती आभार मानू. एकेकाला उत्तर देते.

डॉक्टर, लांबी सहाव्या महिन्यात कुणी मोजलीच नव्हती. मी मागायला हवी होती.

मोखाड्याच्या ताई, तुमचा प्रश्न वाचून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. सकाळची पेज होती. चमचा आडवा केला तर पाण्यासारखी ओघळली. दिवसातून चार वेळा हीच पेज किंवा वरणावरचं पाणी देतोय. डाळ खाली राहते, कारण "पचायची नाही". आणि ते पिऊन पोट भरलं की ती अंगावर कमी पिते, हे आता लक्षात येतंय.

डॉ_पन्हाळा | २१ जानेवारी, दुपारी १:००

बहुतेक इथेच आहे. या वयात पोटात एका वेळी किलोमागे साधारण ३० मिली मावतं, म्हणजे हिला २०० मिलीच्या आत-बाहेर. त्यातलं दीडशे पाणीच असेल तर ताकद कुठून येणार? आधी दूध, ते चालू ठेवा. मग दिवसातून दोन-तीन वेळा दाट, चमच्यावर टिकेल असं. मऊ वरणभात कुस्करून, डाळीसकट. वर चमचाभर तूप. मुगाची खिचडी, रताळं, केळं, अंडं चालत असेल तर नीट शिजवून. मीठ-साखर वर्षभर नको, मध तर अजिबात नको. आणि तुमच्या डॉक्टरांना लोहाबद्दल विचारा, सहा महिन्यांनंतर अंगावरच्या दुधातलं लोह पुरत नाही.

अंगणवाडी_मोखाडा | २१ जानेवारी, दुपारी १:२५

पचतं ताई. आमच्याकडे सातव्या महिन्याची पोरं नाचणीचं दाट सत्त्व वाटी चाटून संपवतात. सासूबाईंनाच चमचा आडवा करून दाखवा. त्यांनाच भरवू द्या. भरवणाऱ्या हाताला पटलं की काम होतं.

शमिका_नाशिक | २८ जानेवारी, रात्री १०:०५

दवाखान्यात जाऊन आलो. हिला उघडी करून दोनदा मोजली: ६.५६. लांबी पाटीवर दोघींनी धरून ६६. लांबीच्या मानाने वजन ठीक आहे म्हणाले. डोक्याचा घेरही बरोबर. लघवी तपासली, स्वच्छ. हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं, लोहाचे थेंब सुरू केलेत.

अजून एक सापडलं. सहाव्या महिन्यातलं वजन डिसेंबरच्या थंडीत झालं होतं. त्या दिवसाचा फोटो आहे माझ्याकडे: झबलं, लोकरीचं स्वेटर, टोपी, मोजे आणि डायपर. तेच कपडे आणि ओला डायपर आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. ३१० ग्रॅम! म्हणजे तेव्हाचे ६.४ हे ६.४ नव्हतेच. डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यातली वाढ दिसली त्याहून बरी आहे, पण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कुठेतरी रेषा उतरली असणार, म्हणून महिन्याने परत या.

कायअसेल | २८ जानेवारी, रात्री १०:४०

३१० ग्रॅम! म्हणजे महिन्याभराची वाढ नुसत्या कपड्यांत. तक्त्याशी माझं भांडण होतं, ते मी आता काट्याकडे वळवतो.

शमिका_नाशिक | २४ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

कुणाला आठवत असेल तर कळवते. त्याच काट्यावर, उघडी, ६.९. ॲपमध्ये पर्सेंटाइल ९. ॲप मी आता काढून टाकलंय, दवाखान्यातल्या कागदावरची रेघ बघते, ती इतर रेघांना धरून चाललीय.

सासूबाई स्वतः वरण घोटतात, तूप घालतात, आणि भरवायच्या आधी चमचा आडवा करून बघतात. काल शेजारणीलाही दाखवत होत्या.

एक विचारायचं राहिलं. लोहाच्या थेंबांनी शी अगदी काळी होतेय, हे चालतं का?

डॉ_पन्हाळा | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:०५

चालतं, लोहाने होते तशी. घट्ट झाली तर कळवा. थेंब दुधाबरोबर देऊ नका, दोन खाण्यांच्या मधे द्या आणि नंतर ओल्या फडक्याने दात पुसा. आले का दात?

शमिका_नाशिक | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:३०

खालचे दोन. आज सकाळीच चमच्यावर टक्‌ असा आवाज आला.